दुसरी तबकडी : ‘अंडरवर्ल्ड’ चित्रपटमालिका सोलापुरातून पाहताना

सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडे, एका अरुंद जिन्यावरून वर गेलं की एक व्हिडिओ लायब्ररी होती. २००५च्या पावसाळ्यात तिथून मी ‘अंडरवर्ल्ड’ आणला. आणला म्हणजे दोन व्हीसीडी आणल्या. एका तबकडीत सव्वा तासाहून फारसं मावत नसे, आणि हा चित्रपट १२१ मिनिटांचा. दिग्दर्शकानं न ठेवलेलं मध्यंतर तबकडी ठेवत असे. पहिली संपली, मी घड्याळ पाहिलं, आणि दुसरी न लावताच झोपलो. निळसर काळोख, पाऊस, कातडी कोट घातलेली एक बाई आणि दोन्ही हातांतली पिस्तुलं. यापुढे काय होणार ते ठाऊक असल्याची माझी खात्री होती. मी तेव्हा महाविद्यालयात मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो आणि करमणुकीच्या बाबतीत असं मत चटकन बनवण्याचं माझं वय होतं.

दुसऱ्या दिवशी तबकड्या परत करताना काउंटरवरच्या मुलानं विचारलं, ‘‘कसा वाटला, सर?’’ मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, ‘‘दुसरी बघितली न्हाई तर मग काय बघितलंव? पोरीचं समदं दुसऱ्यातच हाय की.’’ आणि त्या दिवसाचं भाडं न लावता त्यानं दुसरी तबकडी पुन्हा माझ्या हातात दिली.

या लेखातलं निम्मं श्रेय त्या मुलाचं आहे. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि त्या व्हीसीडीवर उपशीर्षकं नव्हती. जे पाहिलं ते त्यानं चित्रांतून पाहिलं, आणि मी पदव्युत्तर वर्गाला ‘रूपकबंध’ शिकवत असून मला ते दिसलं नव्हतं.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही (या अंकाच्या वाचकांत ते बहुसंख्य असतील) त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘अंडरवर्ल्ड’ २००३मध्ये आला. दिग्दर्शक लेन वाइजमन, नायिका केट बेकिन्सेल. पुढे ‘इव्होल्यूशन’ (२००६), ‘राइज ऑफ द लायकन्स’ (२००९), ‘अवेकनिंग’ (२०१२) आणि ‘ब्लड वॉर्स’ (२०१६). रक्तपिपासू व्हॅम्पायर आणि माणसाचे लांडगे होणारे लायकन यांच्यात शतकानुशतकं युद्ध चालू आहे. सेलीन ही व्हॅम्पायरांची योद्धा. लायकनांनी आपलं कुटुंब मारलं या समजुतीवर तिचं सगळं आयुष्य उभं आहे. मायकेल नावाच्या एका साध्या डॉक्टरच्या मागे लायकन का लागलेत याचा शोध घेताना तिला जे कळतं ते दुसऱ्या तबकडीत आहे. लायकन हे एके काळी व्हॅम्पायरांचे गुलाम होते. व्हॅम्पायरांना उन्हात फिरता येत नाही, म्हणून दिवसा गढीची राखण करायला ही जमात पाळलेली. त्यांच्यातला ल्युशियन आणि व्हॅम्पायरांचा प्रमुख व्हिक्टर याची मुलगी सोन्या यांनी लपून लग्न केलं. सोन्या गरोदर राहिली. बापानं स्वतःच्या मुलीला साखळदंडानं बांधून तिच्यावर ऊन सोडलं आणि ल्युशियनला ते पाहायला लावलं. युद्ध सुरू झालं ते इथून. आणि सेलीनचं कुटुंब लायकनांनी मारलेलंच नव्हतं. ते व्हिक्टरनं मारलं होतं. तिला जिवंत ठेवलं, कारण ती त्याच्या मेलेल्या मुलीसारखी दिसत होती.

म्हणजे व्हिक्टरनं मुलगी मारली, आणि मग दुसऱ्याची मुलगी घरात आणून तिला बापाची माया दिली. भयपटात इतकी भयंकर गोष्ट मी फार कमी वेळा पाहिली आहे, आणि तिच्यात सुळे कुठेच नाहीत.

व्हॅम्पायर आणि लांडगा या दोघांना एकमेकांसमोर उभं करणं नवं नाही. युनिव्हर्सल कंपनीनं १९४०च्या दशकात आपली सगळी भुतं एकाच चित्रपटात कोंबून पाहिली होती. पण ती सर्कस होती. ‘अंडरवर्ल्ड’नं त्यांच्यात श्रेणी आणली, आणि या श्रेणीला इतिहास आहे. युरोपी साहित्यात व्हॅम्पायर सरदार झाला तो पॉलिडोरीच्या १८१९च्या कथेत. तिथला लॉर्ड रुथवेन उच्चभ्रू मैफलींतून वावरतो. १८९७च्या ‘ड्रॅक्युला’त तो काउंट आहे, वाडा आणि वंशावळ बाळगून आहे. मार्क्सनं भांडवलाला व्हॅम्पायरची उपमा दिली ती उगीच नव्हे. लांडग्याची गोष्ट वेगळी. १९४१च्या ‘द वुल्फ मॅन’मध्ये नायक जमीनदाराचा मुलगा असला तरी त्याला शाप लागतो तो भटक्या जिप्सीच्या चाव्यातून. तो जिप्सी साकारला होता बेला लुगोसीनं, म्हणजे १९३१च्या पडद्यावरच्या ड्रॅक्युलानंच. एकच नट वाड्यातला असतो तेव्हा काउंट, आणि पालावरचा असतो तेव्हा चावरा. या जिप्सींचे, रोमा लोकांचे पूर्वज हिंदुस्थानातून गेलेले. ही माहिती मी मुलांना नेहमी तळटीप म्हणून सांगत आलो. तिचा अर्थ मला काउंटरवर उभं राहून कळायचा होता.

आपल्याकडे व्हॅम्पायरला सरळ प्रतिशब्द नाही. रिचर्ड बर्टननं १८७०मध्ये वेताळकथा इंग्रजीत नेल्या तेव्हा पुस्तकाच्या नावातच वेताळाचा ‘व्हॅम्पायर’ केला. पण विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ रक्त पीत नाही, तो कोडी घालतो. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार देव आहे. मात्र एका बाबतीत आपली भुतं या मालिकेच्या जवळची आहेत: त्यांना जात असते. मुंजा हा मुंज होऊन सोडमुंजीआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा, ब्रह्मसमंध हाही ब्राह्मणाचा, झोटिंग कोळ्या-खारव्यांतला. लोकसाहित्याच्या जुन्या नोंदींत भुतांची वर्गवारी अशी मेलेल्याच्या जातीवरून केलेली सापडते. मेल्यावरही पंगत वेगळी. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या भयकथांवर आम्ही वाढलो; पण या वर्गवारीतली मेख भयकथेचा विषय होऊ शकते हे फार कुणाच्या मनात आलं नाही. आमच्या भयकथेतला वाडा बहुधा नायकाच्या मामाचाच असे.

आता मालिकेच्या मधल्या, म्हणजे तिसऱ्या चित्रपटाकडे येतो. ‘राइज ऑफ द लायकन्स’ हा काळाच्या दृष्टीनं सर्वांत आधीचा भाग: पहिल्या चित्रपटात दोन-चार मिनिटांच्या आठवणीत आलेली सोन्या-ल्युशियनची गोष्ट इथे ९२ मिनिटांत सांगितली आहे. दिग्दर्शक पॅट्रिक टाटोपोलस हा मुळात राक्षसांची शरीरं घडवणारा कलावंत. पहिल्या दोन भागांतले लांडगेही त्याच्याच कारखान्यातले. बेकिन्सेल इथे जवळजवळ नाही. रोना मित्रा सोन्या झाली आहे, मायकल शीन ल्युशियन आणि बिल नाय व्हिक्टर. समीक्षकांनी मालिकेतल्या बाकी भागांसारखाच हाही धुडकावला. मला तो पाचांत एकटाच खरा चित्रपट वाटतो.

२००९ सालीच त्याची डीव्हीडी त्या लायब्ररीत आली. तोवर मोझर बेअरनं ध्वनिचित्रफितींच्या किमती पार खाली आणल्या होत्या आणि भाड्यानं तबकडी नेणारे आमच्यासारखे थोडेच उरले होते. पूर्व भागातली विणकर मंडळी तेलुगू डबिंगच्या तबकड्या मागत, त्यावर दुकान तगून होतं. मुलगा आता तिशीकडे झुकला होता. त्यानं तो चित्रपट दुकानातल्या छोट्या टीव्हीवर तीनदा पाहिला होता. मला म्हणाला, ‘‘सर, पट्टा नीट बघा. काटे आतल्या बाजूनं हायत. बाहेरनं निस्ता पट्टा दिसतो.’’

पाहिलं तर खरंच. लायकन गुलामांच्या गळ्यात लोखंडी पट्टा आहे आणि त्याला आतून चांदीचे काटे. माणूस माणसाच्या आकारात राहिला तर काटे लागत नाहीत. तो लांडगा व्हायला लागला, मान फुगली, की ते रुततात. म्हणजे गुलामाला सतत मारत बसायला नको. तो वाढायला लागला तरच यंत्रणा काम करते. शिवाय दंडावर मालकाच्या नावाचा डाग. पहिल्या चित्रपटात ल्युशियन मेल्याचा पुरावा म्हणून क्रेवन जे आणून दाखवतो ते ल्युशियनचं मस्तक नसतं. ती डाग दिलेली कातडी असते. मालकाच्या लेखी गुलामाची ओळख तेवढीच.

तो मुलगा सेटलमेंट भागातला. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. मूल जन्मलं की गुन्हेगार. बाकीचा तपशील पोलिसांनी भरायचा. मुंबई इलाख्यात अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवण्याच्या वसाहती निघाल्या, त्यांतली एक मोठी सोलापूरला. आत हजेरी, बाहेर जायला परवानगी, आणि कामाला गावातल्या कापड गिरण्या. ज्या गिरण्यांच्या भोंग्यांचं आम्ही हळवं स्मरण करतो त्यांत या कुंपणातली माणसंही राबली. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा देशभरात रद्द झाला. त्या भागात आजही घरांच्या पत्त्यावर ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असं लिहिलेलं असतं. ‘फ्री’ हा शब्द पत्त्यात घालावा लागतो यातच सगळं आलं. मी या शहरात वाढलो आणि लहानपणी आम्हाला त्या बाजूला सायकल नेऊ नका असं सांगितलं जाई. कारण सांगितलं जात नसे. काटे आतल्या बाजूनं असतात.

मुलाच्या आजोबांनी हजेरी दिलेली होती. त्यानं चित्रपटाचं विवेचन वगैरे केलं नाही. एवढंच म्हणाला, ‘‘आमचा आज्जा शर्टाचं वरचं बटण कधी लावायचा न्हाई. गळ्याला लागतंय म्हणायचा.’’ याचा हजेरीशी काही संबंध होता की उकाड्याशी, मला माहीत नाही. त्यालाही नसावा. पण मायकल शीन पट्टा तोडतो त्या दृश्यानंतर तो मानेवरून ज्या रीतीनं हात फिरवतो, ते दृश्य मी त्यानंतर आज्ज्याच्या बटणाशिवाय पाहू शकलेलो नाही.

यावर कुणी म्हणेल की हे वाचन आपण आपल्या गरजेपोटी लादतो आहोत, हॉलिवूडच्या कारागिरांच्या मनात सोलापूर कशाला असेल? सोलापूर नव्हतं हे खरं; पण रक्तशुद्धी होती. मूळ कथेच्या तीन कर्त्यांपैकी केविन ग्रेव्हियू हा कृष्णवर्णीय अभिनेता (पहिल्या चित्रपटात रेझ नावाचा धिप्पाड लायकन तोच) आणि दोन वंशांतल्या प्रेमाला होणारा विरोध ही आपली कल्पना होती असं त्यानं सांगितलेलं आहे. तो सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला. मालिकेत भूतबाधेऐवजी विषाणू का आहे याचा उलगडाही इथे होतो. आणि विषाणूची ही कल्पना कथेच्या फार उपयोगी पडली आहे. अलेक्झांडर कॉर्व्हायनस नावाचा एक पुरुष, त्याला तीन मुलगे. एकाला वटवाघूळ चावलं, तो पहिला व्हॅम्पायर. एकाला लांडगा चावला, तो पहिला लांडगा. तिसरा माणूसच राहिला, त्याचा वंशज मायकेल. म्हणजे मालक आणि गुलाम ही सख्ख्या भावांची लेकरं. ज्या रक्ताच्या शुद्धीसाठी व्हिक्टर मुलीला जाळतो ते रक्त एकाच घरातून निघालेलं आहे, आणि व्हिक्टरला हे ठाऊक आहे. अज्ञानातून तो काही करत नाही.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात तरुण आंबेडकरांनी वाचलेला जातींवरचा निबंध मी बऱ्याचदा शिकवला आहे. त्यातलं प्रतिपादन असं की जातीचं सार आहे ते गटाबाहेर लग्न न करण्यात; विटाळ, धंदा, देव या गोष्टी नंतरच्या. आणि बंदिस्त गट टिकवायचा तर बाईवर ताबा हवा, म्हणून सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. मुद्दा इतका सरळ आहे की विद्यार्थी तो परीक्षेपुरता लिहून विसरतात. मागल्या काही वर्षांपासून मी वर्गात व्हिक्टरचं उदाहरण देतो. व्हॅम्पायर अमर आहेत, त्यांना वंश चालवायची घाई नाही, मालमत्ता वाटली जाण्याची भीती नाही. तरीही मुलीनं खालच्याशी लग्न करताच सभा भरते आणि निकाल एकमतानं लागतो. बाकी सगळी कारणं गाळून जातीचं सार उरतं ते कसं दिसेल, हे या भडक चित्रपटात प्रयोगशाळेतल्यासारखं दिसतं. मुलं हसतात, पण उत्तरपत्रिकेत लिहितात.

आणखी एक बारकावा. व्हॅम्पायर पुरुषानं लायकन बाई ठेवली असती तर? मालिकेत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण लायकन बाई पडद्यावर जवळजवळ नाहीच. गुलामांच्या कोठड्यांत पुरुष, बंडात पुरुष, गटारांत पुरुष. मला हा मोठा दोष वाटतो. गुलामगिरीत बाईच्या वाट्याला काय येतं ते टाळून गुलामगिरीची गोष्ट सांगता येत नाही. पण या टाळण्यातून नकळत एक सत्य बाहेर पडलं आहे. वरच्याच्या मुलानं खाली हात घातला तर युद्ध होत नाही. स्मृतिकारांनी अनुलोम चालवून घेतला आणि प्रतिलोमावर दात धरला, त्यातलंच हे. सोन्या-ल्युशियन प्रतिलोम, सेलीन-मायकेल प्रतिलोम.

आमच्या जिल्ह्यातल्या आर्ची-परशाचंही तेच. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ला आला. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची. चित्रीकरण करमाळ्याच्या आसपासचं. पाटलाची मुलगी, मासे धरणाऱ्या घरातला मुलगा. हैदराबादला पळून जातात, जिथे भाषा कळत नाही म्हणून जातही कुणाला कळत नाही. सोलापूरकराला हैदराबाद परकं नाही, रात्री गाडीत बसलं की सकाळी पोचतो. म्हणून तो पल्ला आम्हाला जास्त कळला. ‘सैराट’ पाहून परतल्यावर मी कपाटातून ‘राइज ऑफ द लायकन्स’ची डीव्हीडी काढली. (लायब्ररी २०१२ सुमारास बंद झाली, तेव्हा उरलेला माल त्या मुलानं ओळखीच्यांना वाटून टाकला, ही मालिका त्यानं न मागता माझ्यासाठी बाजूला ठेवली होती.) दोन्ही शेवट पाठोपाठ पाहिले.

तुलना केल्यावर ‘अंडरवर्ल्ड’ कुठे तोकडा पडतो ते कळतं. मंजुळे शेवटी आवाज काढून घेतात. माहेरची माणसं भेटी घेऊन येतात, आर्ची चहा टाकते, आणि त्यानंतर आपल्याला कुणाची किंकाळी ऐकवली जात नाही. मूल शेजाऱ्यांकडून परत येतं, रक्तात पाय भरतात. हिंसा पाहुण्यासारखी आली, चहा पिऊन गेली. ‘अंडरवर्ल्ड’मध्ये मात्र हिंसेला तोरण बांधलेलं आहे: घुमटाचं झाकण उघडतं, उन्हाचा झोत, वाद्यवृंद. मालिका ज्या क्रौर्याचा निषेध करते त्याच्या देखणेपणावर तिचं पोट आहे. पहिल्या चित्रपटाची नंतर डीव्हीडीवर आलेली, बारा मिनिटांनी लांबवलेली आवृत्ती मी हौसेनं पाहिली. वाटलं, वाढवलेल्या मिनिटांत सोन्या थोडी जास्त भेटेल. भेटली नाही.

पण एका ठिकाणी ही मालिका ‘सैराट’नं न घेतलेली जागा घेते, आणि ती म्हणजे बाप. आर्चीचा बाप आपल्याला शेवटी दिसत नाही. व्हिक्टर दिसतो. शिक्षा सुनावतो तेव्हा बिल नायचा चेहरा दगडाचा आहे. नंतर बंद दारापलीकडे तो एकटा उभा असतो तेव्हा रडतो. त्याचं रडणं खोटं नाही. पहिल्या चित्रपटात, अनेक शतकांनंतर, तो सेलीनला सांगतो की माझं मुलीवर प्रेम होतं; तिच्या पोटात वाढत होतं ते सहन होण्यासारखं नव्हतं. नाय हे वाक्य बचावाच्या सुरात म्हणत नाही. एखादा माणूस घरात घडलेला अपघात सांगावा तसं म्हणतो. तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’मधला नाथ देवळालीकर याच्या उलट टोकाचा बाप: त्यानं तत्त्वासाठी मुलगी दिली आणि ती सोसताना पाहिली. आपल्या रंगभूमीनं त्या बापावर वाद घातले, परिसंवाद केले. व्हिक्टरच्या जातीचा बाप, जो रडतो आणि तरी झाकण उघडतो, तो आपल्या साहित्यात मला कुठे नीट भेटलेला नाही. तो आपल्याला अनोळखी आहे म्हणून नव्हे.

माझ्या चुलत बहिणीनं १९९४मध्ये जातीबाहेर लग्न केलं. मुलगा शिकलेला, नोकरीचा, आणि आमच्या घराच्या हिशेबात खालचा. तिला कुणी मारलं नाही. काकांनी तिच्या नावानं आंघोळ केली. सकाळी अंगणात, नेसत्या धोतरानिशी, मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. आडाचं पाणी मी शेंदून दिलं. दोन बादल्या. मला कुणी बळजबरी केली नव्हती. सांगितलं, मी केलं. काका नंतर कितीतरी वर्षं तिचा दहावीचा फोटो कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवून होते, आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर सापडला. नातेवाइकांत ही फोटोची गोष्ट काकांच्या बाजूनं सांगितली जाते: बघा, किती माया होती. मीही ती तशीच सांगत असे. दाराआड रडणारा व्हिक्टर पाहिल्यावर मला ती तशी सांगता येईनाशी झाली. फोटो आणि बादली एकाच माणसाच्या हातातल्या गोष्टी होत्या, आणि बादली त्याला मी भरून दिली होती.

पुढचे दोन भाग पटकन उरकतो, कारण त्यांनीही विषय उरकलाच आहे. ‘अवेकनिंग’मध्ये माणसांना दोन्ही जमातींचा शोध लागतो आणि ती दोघांचा खातमा करू लागतात. सेलीन बारा वर्षं गोठवलेल्या अवस्थेत काढते, बाहेर येते तो तिला एक मुलगी आहे, ईव्ह, दोन्ही रक्तांची. इथे गोष्ट उंच जाऊ शकली असती. सोन्याच्या पोटात जे मारलं गेलं तेच हे मूल, यावेळी जन्मलेलं. पण चित्रपटाला तिच्यात एक जबरदस्त हत्यार तेवढं दिसतं. ‘ब्लड वॉर्स’मध्ये तर ती जवळजवळ गायब, आणि तिच्या रक्तासाठी सगळे झगडतात. हीच मालिकेची मूळ खोट आहे. शुद्ध रक्ताच्या अहंकाराला उत्तर म्हणून ती मिश्र रक्ताची बढाई पुढे करते: मिसळण झाली की प्राणी दुप्पट ताकदीचा. ल्युशियनही पहिल्या चित्रपटात त्याच्याच मागे आहे. म्हणजे रक्ताला मोल आहे हे गृहीत तसंच राहिलं, फक्त भाव बदलला. ‘सैराट’मधलं मूल कसलंही हत्यार नाही. त्याला चालता येतं, एवढंच.

सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानात खरे लांडगे आहेत. माळढोकाचं अभयारण्य म्हणून ते गाजलं, माळढोक आता दिसेनासा झाला, लांडगा आहे. तिथले धनगर लांडग्याला शिव्या देतात आणि त्याच दमात कळपात त्याचाही वाटा आहे असं म्हणतात. मेंढरू गेलं की वाटा गेला. हे मी एकाच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ल्युशियन वाट्यासाठीच लढत होता हेही मला तेव्हाच सुचलं. चित्रपटानं त्याला सूडासाठी लढवलं.

लेख लिहायला घेतला तेव्हा ताईला फोन केला. ती पुण्याला असते, निवृत्त झाली आहे. तिच्याबद्दल चार ओळी येणार तर विचारायला हवं होतं. तिनं हरकत घेतली नाही. असले चित्रपट ती पाहत नाही. गोष्ट काय आहे ते सांग म्हणाली. मी सांगितली, सोन्याची, बापाची, उन्हाची. मध्ये काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, ‘‘अरे, त्या मुलीची आई कुठे होती?’’

मी त्या रात्री पाचही तबकड्या पुन्हा चाळल्या. आई पडद्यावर कुठेच येत नाही. सभेत नाही, दारापाशी नाही. ‘सैराट’मध्ये आई आहे. आर्ची तिला फोन करते, बाळाचा आवाज ऐकवते, दोघी रडतात. आणि त्या फोननंतर भेटी घेऊन माणसं दारात येतात. बादल्या भरल्या त्या सकाळी काका कुठे उभे होते, आड किती खाली गेला होता, दोर कुठे चिरला होता, सगळं मला आठवतं. काकू कुठे होती ते आठवत नाही. हे मी ताईला अजून सांगितलेलं नाही.